धुतलेला कोबी

हात दाखवून अवलक्षण कशाला म्हणतात ते मला विचारा. भाऊजींना जेवायला मीच बोलावलं होतं.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. लोकांना गाडी चालवायला शिकवतात. जन्म गेला शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून. चाक त्याच्या हातात आणि ब्रेकवर पाय यांचा. त्यामुळे आवाज कधी चढवत नाहीत, वाद घालत नाहीत, फक्त त्यांना वाटलं की गाडी थांबवतात. आणि त्या दिवसांत त्यांच्या मनात आलं होतं की आमची गाडी थांबवायची. आमची म्हणजे माझी आणि वन्संची.

वन्सं माझ्या नणंदबाई. माझ्या नवऱ्याहून मोठ्या, भाऊजींहून तर खूपच मोठ्या. आई लवकर गेली म्हणून दोघा भावांना त्यांनीच वाढवलं आणि त्या नादात स्वतःचं लग्न करायचं राहून गेलं. मी लग्न होऊन आले तेव्हा घरात सासू नाही म्हणून माझ्या मैत्रिणी माझा हेवा करत होत्या. त्यांना काय ठाऊक! सासू परवडली, ती निदान दुपारची झोपते तरी. वन्सं झोपायच्या नाहीत. मी आल्या आल्या त्यांनी माझं नाव घाईबाई ठेवलं, कारण मी सारखी बरणीवरची पानं उचलून बघायचे, कोबी आंबला का म्हणून. "अगं घाईबाई, सारखं उघडून बघितलंस तर तो लाजेल आणि आंबणारच नाही," असं म्हणून पाठीत धपाटा घालायच्या. धपाटाही असा की चहा सांडावा.

आमच्या घराचा धंदाच तो होता, आंबवलेला कोबी. मागच्या खोलीत, जिथे ऊन पोचत नाही, तिथे मातीच्या मोठाल्या बरण्या ओळीने मांडलेल्या. कोबी बारीक चिरायचा, मीठ घालून तळहातांनी चांगला मळायचा, पाणी सुटलं की बरणीत दाबदाबून भरायचा. वर कोबीची अख्खी पानं, पानांवर धुतलेला दगड. मग वाट बघायची. गिऱ्हाइकं जिना चढून यायची, जिन्याकडच्या खिडकीतून विक्री व्हायची. चिरायला मी, विकायला माझा नवरा, आणि चव बघायला वन्सं. त्या चिमूटभर कोबी उचलून जिभेवर ठेवायच्या, डोळे मिटायच्या, आणि आम्ही दोघं नवरा-बायको परीक्षेचा निकाल लागायचा असावा तसे त्यांच्या तोंडाकडे बघत उभे. "अजून चार दिवस," म्हणाल्या की चार दिवस. त्यात कुणाचं काही चालायचं नाही.

नवरा गेला आणि आम्ही दोघीच उरलो. भांडायचो. खिडकी उघडी ठेवायची की बंद, दूध कुणी उतू घालवलं, माझ्या नवऱ्याला लहानपणी बटाटा आवडायचा की नाही, कशावरूनही. आमचं जुंपलं की खालच्या मजल्यावरचा शिंपी मशीन थांबवायचा, नीट ऐकू यावं म्हणून. पण एक सांगते, त्या भांडणांवर मी जगले. नवरा गेल्यावर लोक भेटायला आले, गप्प बसले, गेले. वन्सं मात्र तिसऱ्याच दिवशी मला म्हणाल्या, "रडताना नाक तरी पुसत जा, कोबीत पडेल." मी त्यांच्यावर ओरडले आणि मग उठून जेवले.

आता त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी गिऱ्हाइकांची नावं गेली. मग कुठली बरणी कधी भरली ते गेलं. मग एकदा मीठच घालायचं राहिलं आणि अख्खी बरणी सडली. वास जिन्यावरून खाली उतरला, शिंप्याने नाकाला रुमाल बांधला. मी विक्रीची खिडकी बंद केली ती केलीच. घरापुरती एक बरणी भरत राहिले. सकाळी वन्सं चांगल्या असायच्या. सकाळी मी घाईबाई असायचे, माझं चुकायचं, मला बोलणी बसायची. दुपार झाली की त्यांचं काहीतरी हरवायला लागायचं. मला "अहो" म्हणायच्या. "अहो, तुम्ही जेवलात का," असं परक्यासारखं, नीट, अदबीने. त्या अदबीची मला इतकी चीड यायची म्हणून सांगू.

मग ते गॅसचं झालं. मी औषधं आणायला गेले होते. त्यांनी चहाचं आधण ठेवलं आणि फडकं शेजारीच टाकून त्या खिडकीत जाऊन उभ्या राहिल्या. फडकं पेटलं, मग पडदा. शिंप्याने वर धावत येऊन पाणी ओतलं. फार काही जळलं नाही. पण शिंपी माणूस कितीही चांगला असला तरी त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. त्याने भाऊजींना कळवलं.

भाऊजी आले, काळी पडलेली भिंत बघितली, खुर्चीत बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, गावाबाहेर एक जागा आहे. अशाच माणसांसाठी. बायका चांगल्या आहेत, बाग आहे. एक खोली रिकामी झालीय. मी बघून आलो."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तुम्ही जाऊ दिलं असतं का?"

"त्यांना इथेच ठेवायचं. मी आहे ना. मी काय मेले का?"

"तुमचे गुडघे दुखतात. तुम्हाला रात्रीची झोप नाही. उद्या परत पडदा पेटला तर? वहिनी, ताईला आता काहीच येत नाही हो."

काहीच येत नाही! ज्या बाईने याला भरवलं, याच्या शाळेच्या सदऱ्याला बटणं लावली, तिला काही येत नाही. माझ्या नाकावरचा राग तर जगजाहीर आहे. मी म्हटलं, "काही येत नाही? या तुम्ही जेवायला. पहिल्यापासून शेवटपर्यंत वन्सं स्वतः करून वाढतील तुम्हाला."

त्यांनी खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाले, "एक जिन्नस. एकच. पण तुम्ही हात लावायचा नाही. तेवढं ताईला जमलं तर मी पुन्हा त्या जागेचं नाव काढणार नाही. आणि नाही जमलं तर तुम्ही मला अडवायचं नाही."

"ठरलं," मी म्हटलं. उचलली जीभ लावली टाळ्याला.

तरी मी अगदीच मूर्ख नव्हते. विस्तवाजवळ जायचं नाही असाच जिन्नस निवडला. आंबवलेल्या कोबीचा जो थंड प्रकार असतो, भाऊजी त्याला सॅलड म्हणतात, आम्ही नुसतं गार कोबी म्हणायचो. त्यात काय आहे? बरणीतला कोबी मुठीने पिळून घ्यायचा, सुरीने दोनदा आडवा-उभा कापायचा. पातळ चिरलेला कांदा, किसलेलं सफरचंद, आदल्या दिवशी उकडून गार केलेला बटाटा. तेल, मिरपूड, चिमूटभर साखर. मीठ घालायचं नाही, कारण कोबी आधीच खारट असतो. ढवळायचं आणि थोडा वेळ गार होऊ द्यायचं. लहान पोर करेल. वन्संनी तर हे एवढ्या वेळा केलं होतं की त्यांना आठवायची गरज नव्हती, हातच करतील अशी माझी खात्री होती.

रोज सकाळी आम्ही सरावही केला. त्या करायच्या, मी समोर हात मागे बांधून उभी. छान जमायचं. "तू अशी चोरासारखी काय उभी आहेस?" म्हणाल्या एकदा. मी म्हटलं, "तुमचं बघून शिकतेय." "इतक्या वर्षांत नाही शिकलीस, आता काय शिकणार," म्हणाल्या, आणि मला एवढा आनंद झाला की मी बेसिनपाशी जाऊन डोळे धुतले.

भाऊजींना मी बजावून सांगितलं होतं, सकाळी या. दुपार करू नका. ते हो म्हणाले. त्या दिवशी वन्संना मी आंघोळ घातली, केस विंचरले, चांगलं लुगडं नेसवलं. टेबलावर सगळं मांडून ठेवलं. मिठाचा डबा कपाटात वरच्या फळीवर, पिठाच्या मागे दडवला. वन्सं इतक्या मजेत होत्या की माझ्या जुन्या चुका काढून मला टोमणे मारत होत्या. मी दाराकडे डोळे लावून बसले. भाऊजी येईनात. त्यांच्या एका शिकाऊ बाईने गाडी भिंतीला घासली होती, तिथे पंचनामा चालला होता. फोन आला, "वहिनी, थोडा उशीर होईल." मी म्हटलं, "उद्या या मग." म्हणाले, "नाही, आज येतोच. त्या लोकांना आजच कळवायचंय."

ऊन खिडकीतून सरकत टेबलाखाली गेलं. वन्सं बोलायच्या थांबल्या. थोड्या वेळाने माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अहो, मला घरी कधी सोडणार?"

मी म्हटलं, "हे घरच आहे, वन्सं."

"हो का?" त्या हसल्या. समजूतदार पाहुण्या हसतात तशा.

त्याच वेळी घंटा वाजली.

भाऊजींना मात्र त्यांनी ओळखलं. त्याचं मला बरंही वाटलं आणि रागही आला. आठवड्यातून एकदा तोंड दाखवणारा माणूस, आणि तो लक्षात! "बाळ्या, वाळलास रे," म्हणून त्यांनी भाऊजींच्या गालावरून हात फिरवला. भाऊजींचं केस पिकलेलं डोकं आपोआप खाली वाकलं. मी मनात म्हटलं, चला, अजून आशा आहे.

"ताई, मला गार कोबी खायचाय. करतेस?"

"करते की. बस."

टेबलाशी आल्या. बरणीतून काढलेला कोबी मोठ्या वाडग्यात होता. त्यांनी बाह्या सावरल्या, दोन्ही हात वाडग्यात घातले. माझा जीव जरा भांड्यात पडला. मग त्या थांबल्या. इकडे तिकडे बघितलं. तेलाची बाटली उचलून ठेवली, मिरपूड उचलून ठेवली, आणि काही न बोलता मागच्या खोलीत गेल्या.

तिकडे काय आहे ते मला तेव्हा आठवलं. घरातला डबा लपवला होता, पण बरण्या भरायचं मोठं मिठाचं मडकं तिकडे कोपऱ्यात तसंच होतं. खिडकी बंद केल्यापासून त्याकडे कुणी बघितलं नव्हतं. वन्सं ओंजळ भरून मीठ घेऊन आल्या आणि त्यांनी ते त्या आंबलेल्या, आधीच खारट कोबीवर पसरलं. मग मळायला लागल्या. समोर चिरलेला कोबी दिसला ना, त्या हातांना एवढंच कळलं की याला मीठ लावायचं. आंबवायला आत्ताच घ्यायचाय, असं समजून त्या पुन्हा पहिल्यापासून सुरू झाल्या होत्या.

मी तोंड उघडलं. भाऊजी म्हणाले, "वहिनी." एवढंच. मी तोंड मिटलं.

आणि भाऊजींना काय कळणार? त्यांनी या धंद्याकडे कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. खायला यायचे, खाऊन जायचे. ते तळहात गोल गोल फिरताना बघून त्यांचे डोळे भरून आले. "हात बघा, वहिनी," ते मला हळूच म्हणाले, "अजून तसेच चालतात. मी लहान असताना टेबलाखाली बसून हा आवाज ऐकायचो." मी मान हलवली. त्या कोबीत आता इतकं मीठ होतं की बैलालाही ठसका लागला असता.

वन्संनी कोबी वाडग्यात घट्ट दाबला, वर ताटली उपडी घातली, ताटलीवर सफरचंद आणि बटाटे रचले, दगड म्हणून. हात पुसले. "झालं," म्हणाल्या. "आता राहू दे."

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "मुरायला लागतं थोडं." खोटं बोलताना मी त्यांच्याकडे न बघता घड्याळाकडे बघत होते. पण ते नुसतं "बरं" म्हणाले, आणि त्यांचा फोन वाजला. परत ती भिंत, परत ती शिकाऊ बाई. ते बोलत बोलत गॅलरीत गेले आणि वन्सं लहान मुलीसारख्या त्यांच्यामागे गेल्या.

मला विचार करायला वेळच नव्हता, आणि असता तरी मी तेच केलं असतं. मी वाडगा उचलला, कोबी चाळणीत ओतला, नळाखाली धरला आणि नळ सोडला.

आता हे बाहेरच्या माणसाला साधं वाटेल. कोबी धुतला, त्यात काय? पण आमच्यात आंबवलेला कोबी धुवत नाहीत. ज्या दुकानदाराचं मीठ जास्त पडतं किंवा माल जुना होतो, तो धुवून विकतो. पाण्याबरोबर मीठ जातं आणि बरणीत जे काही इतके दिवस जमलेलं असतं तेही जातं. मग उरतो तो नुसता ओला चारा. मी तो दोनदा धुतला, मुठीने पिळला, बरणीतलं थोडं आंबट पाणी वरून शिंपडलं, जरा तरी चव यावी म्हणून. वाडगा होता तिथे ठेवला. सफरचंद, बटाटे बाजूला मांडले. चाळणी पुसून कपाटात टाकली.

"या हो," मी हाक मारली. "मुरला."

आणि मग जे झालं ते बघून मला खरंच वाटलं की देव आहे. पिळलेला कोबी, शेजारी कांदा, सफरचंद असं समोर दिसल्याबरोबर वन्संच्या हातांनी पुढचं सगळं बरोबर केलं. सुरी आडवी, सुरी उभी. कांदा इतका पातळ चिरला की त्यातून पलीकडचं दिसावं. सफरचंद साल न काढता किसलं, कारण सालीला वास असतो असं त्या म्हणायच्या. बटाटे, तेल, मिरपूड, बोटांच्या चिमटीत साखर. मी शब्द बोलले नाही, बोट हलवलं नाही. वाडगा थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवायचा हेही त्यांनीच केलं. तेवढ्या वेळात भाऊजींना त्यांनी विचारलं, "अभ्यास केलास का?" आणि भाऊजी, साठीला आलेला माणूस, म्हणाले, "केला, ताई."

वाढलंही त्यांनीच. भाऊजींनी घास घेतला, दुसरा घेतला. तिसऱ्या घासाला त्यांनी चमचा खाली ठेवला आणि रुमाल काढला. "तोच हात आहे," म्हणाले. "वहिनी, माझं चुकलं. मी त्यांना कळवतो, आम्हाला खोली नको. घरात एखादी बाई ठेवू तुमच्या मदतीला. गॅसचं काहीतरी करू. जाऊ दे ते."

माझ्या जिवात जीव आला. खरं सांगते, त्या क्षणी माझ्या मनात काय काय येऊन गेलं! बाई ठेवली तर तिच्याशी आधी वन्सं भांडतील की मी, पडदा नवीन कुठला आणायचा, हिवाळ्यात दोन बरण्या जास्त भरायच्या का. मी वन्संच्या ताटलीत कोबी वाढला. "तुम्ही पण खा ना. स्वतः केलाय एवढा."

तिथे मी थांबायला हवं होतं. घाईबाई!

वन्संनी चिमूटभर उचलून जिभेवर ठेवला. डोळे मिटले. भाऊजी हसत होते, मीही हसत होते. वन्संनी डोळे उघडले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर गेल्या कित्येक महिन्यांत दिसली नव्हती अशी जाग होती.

"हा कोबी धुतलाय," त्या म्हणाल्या.

भाऊजींनी वाडग्यात डोकावून बघितलं.

"कुणी धुतला? बाळ्या, हा माझा नाही. मी कोबी कधी धुतलेला नाही." त्यांनी ताटली लांब सारली. आवाज कापायला लागला. "लोक म्हणतील, हिचा माल धुतलेला. कुणी केलं हे?"

"कुणी नाही धुतला, वन्सं. गार झाल्यामुळे तसा लागतोय."

"मला शिकवू नका!" त्यांनी टेबलावर हात आपटला. वाडगा हलला. मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या भाऊजींची बाही धरून पुन्हा पुन्हा तेच म्हणायला लागल्या, मी नाही धुतला रे, मी नाही.

"नाही, ताई, तू नाही," भाऊजी त्यांचा हात थोपटत राहिले. त्या जरा शांत झाल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं. "वहिनी?"

मी काय लपवणार? माझ्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या. "मी धुतला," मी म्हटलं. "त्यांनी आंबलेल्या कोबीला परत मीठ लावलं. ओंजळभर. तुम्हाला खाता आला नसता."

"म्हणजे तिला नव्हतं जमलं."

"पण बघितलंत ना तुम्ही?" मी टेबलाला धरून उभी राहिले. मला माझाच आवाज ऐकू येत होता, भांडखोर, फाटलेला. "तुम्हाला कळलं का धुतलेला ते? मला तरी कळलं असतं का? त्यांना कळलं! एका चिमटीत कळलं! ही वन्संचीच जीभ आहे, ती अजून आहे ना तिथे. आणि तुम्ही म्हणता काही येत नाही! असं माणूस त्या परक्या बायकांच्या हातचं पांचट खात बसणार? भाऊजी, मी पाया पडते तुमच्या. नका नेऊ. मी गॅस काढून टाकते. आम्ही गारच जेवू दोघी. मला या घरात एकटीला नाही राहता येणार हो."

हे शेवटचं मी आजवर कुणाला बोलले नव्हते, स्वतःलासुद्धा नाही. भाऊजींचा चेहरा उतरला. ते वाईट माणूस नाहीत. त्यांनी वन्संचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. मग त्यांनी अगदी हळू विचारलं, "ताई, या कोण आहेत, सांग बरं?"

वन्संनी माझ्याकडे नीट निरखून बघितलं. मी चेहऱ्यावरचे केस मागे सारले. हसायचाही प्रयत्न केला. मनात म्हणत होते, शिव्या द्या, घाईबाई म्हणा, धपाटा घाला, काहीही करा.

"नवीन आल्यात वाटतं कामाला," वन्सं म्हणाल्या. आणि भाऊजींच्या कानाशी वाकून, पण मला ऐकू येईल असं, "सांगून ठेव त्यांना. कोबी धुवायचा नाही."

भाऊजींनी डोळे मिटून घेतले. मी खुर्चीत बसले. माझ्यात भांडायला काही उरलं नव्हतं.

पुढचं सगळं शांतपणे झालं. "ताई आज माझ्या घरी राहील," भाऊजी म्हणाले, "मग त्या जागेचं बघू." मी हो म्हटलं, कारण मी शब्द दिला होता आणि कारण काळ्या भिंतीकडे माझी पाठ होती तरी ती मला दिसत होती. मी वन्संचे कपडे पिशवीत भरले. औषधं कुठली कधी, पाय चेपताना डावा दुखतो, दूध कोमट लागतं, हे सगळं सांगितलं. भाऊजी ऐकत होते, पण ते रडत होते, त्यामुळे त्यांच्या किती लक्षात राहिलं कोण जाणे. वन्सं मात्र खूश होत्या. पायात चपला घालून दाराशी जाऊन उभ्याही राहिल्या. गेले कित्येक दिवस दुपारी दुपारी ज्या घरी जायचं म्हणत होत्या, तिथे त्यांना आता कुणीतरी नेणार होतं.

मी त्यांच्या अंगावर शाल घातली. माझे डोळे सारखे भरून येत होते आणि पिशवी धरल्यामुळे पुसायला हात मोकळा नव्हता.

त्यांना ते दिसलं. त्या पायरी उतरता उतरता थांबल्या आणि माझ्या दंडावर हात ठेवला. आवाजात आता राग नव्हता, उलट थोडी माया होती, नव्या माणसाला दाखवतात तेवढी.

"वाईट वाटून घेऊ नका हो, बाई," त्या म्हणाल्या. "शिकाल हळूहळू. पण मला आता निघायला हवं. घरी माझी भावजय एकटी आहे. तोंडाची तिखट आहे, पण मी पोचल्याशिवाय जेवायची नाही. वाट बघत बसली असेल."

"हो," मी म्हटलं. "जा. वाट बघत असेल ती."

भाऊजींनी त्यांचा हात धरला आणि त्या एक एक पायरी बघत खाली उतरल्या.